दहा तास उशिरा वाजलेला गजर

१

रुग्णालयातल्या लसींच्या फ्रिजचं दार सकाळी आठ वाजता बोटभर उघडं राहिलं, आणि गजर वाजला संध्याकाळी सहा वाजता. मधल्या दहा तासांत त्या खोलीकडे कुणी फिरकलं नाही. कशाला फिरकतील? काही बिघडलं तर गजर वाजेल, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. तो वाजेपर्यंत आतल्या आठशे चाळीस कुप्या कोमट होऊन फुकट गेल्या. दुसऱ्या दिवशी तान्ही बाळं कडेवर घेऊन आलेल्या आयांना परत पाठवायची वेळ परिचारिकांवर आली.

फ्रिज एका कंपनीचा, त्यातलं यंत्र दुसऱ्या कंपनीचं, आणि त्या यंत्राला कधी बोंब मारायची हे शिकवणारा प्रोग्राम तिसऱ्या कंपनीचा. अशा वेळी पहिल्या दोघी तिसरीकडे बोट दाखवतात. या खेपेला ते बोट बरोबर जागी पडलं होतं.

तिसऱ्या कंपनीच्या साहेबांनी सोमवारी सकाळी दहाला बाईंना बोलावलं.

बाई म्हणजे तिथल्या माहितीपानांच्या मालकीण. कुठल्या यंत्राला कुठली आज्ञा कशी द्यायची, त्यात काय बदललं, काय बंद पडलं, हे सगळं त्यांनी दोनशे चौदा पानांत लिहून ठेवलं होतं. आधीची सव्वीस वर्षं त्यांनी एका औषध तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं दप्तर सांभाळलं होतं. तिथली शिस्त अंगात इतकी मुरलेली, की सामानाची यादीसुद्धा त्या तारीख घालून लिहीत. त्यांच्या दप्तरातून एक कागद गहाळ झाला असं कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि याचा बाईंना जरा जास्तच अभिमान होता.

"चूक करणाऱ्याचं नाव ठरल्यात जमा आहे, बाई," साहेब म्हणाले. "पण चार वाजता रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका येणार आहेत. त्यांच्यासमोर कारण सांगायचं तर ते पक्कं हवं. तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्हीच बघा."

"आणि माझी पानं?"

"तुमच्या पानावर बरोबरच आहे. मी स्वतः उघडून पाहिलं. म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

प्रकरण तसं सरळ दिसत होतं. दार उघडं राहिलं तर किती वेळ थांबायचं, हा आकडा जुन्या यंत्राला सेकंदांत द्यावा लागे. पाच महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं, त्याला तो मिनिटांत लागतो. प्रोग्राममध्ये आकडा होता सहाशे. सहाशे सेकंद म्हणजे दहा मिनिटं. सहाशे मिनिटं म्हणजे दहा तास. यंत्राने सांगितल्याबरहुकूम दहा तास वाट पाहिली.

हा प्रोग्राम हाताने लिहिलेला नव्हता. ऑफिसात आता कोड लिहायला एआय मदतनीस होता. त्याचं दुखणं एकच. त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं. त्यानंतर काय बदललं ते वाचायला दिलं नाही, तर तो आठवणीवर ठोकून देई, आणि तेही इतक्या ठामपणे की समोरच्याला वाटावं आपलंच चुकलं. म्हणून साहेबांनी नियम केला होता: आधी त्याला ताजं माहितीपान वाचायला द्यायचं, मगच लिहून घ्यायचं, आणि खाली 'ताजं पान वाचून लिहिलं' या चौकटीत खूण करायची.

"खूण आहे," साहेब म्हणाले. "आणि कोड जुन्या पद्धतीचा आहे. म्हणजे पान न देताच लिहून घेतलं आणि खूण ठोकली. चूक एक वेळ पोटात घालता येते, बाई. खोटी खूण नाही."

त्यांनी खण उघडला. आत एक पत्र टाईप करून तयार होतं, फक्त सही व्हायची होती. कामावरून कमी केल्याचं ते पत्र वहिनींच्या नावाचं होतं.

२

वहिनींना सगळं ऑफिस वहिनी म्हणे, कारण त्यांचा सख्खा धाकटा दीर तिथेच कामाला होता आणि तो त्यांना वहिनी म्हणे. त्या त्याला भाऊजी म्हणत, म्हणून ऑफिसच्या लेखी तो भाऊजी. साहेबसुद्धा एकदा मीटिंगमध्ये चुकून भाऊजी म्हणून गेले होते.

पूर्वी वहिनी उत्तम प्रोग्राम लिहीत. मग मुलं, मग सासऱ्यांचं आजारपण, असं करत आठ वर्षं गेली. परत येताना त्यांनी मुलांच्या शेजारी बसून, त्यांचा अभ्यास आणि आपला अभ्यास एकाच टेबलावर केला होता. हे बाईंना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी आवाजात मुद्दाम कोरडेपणा आणला.

"मदतनिसाला पान दिलं होतंत?"

"दिलं होतं. एक्केचाळीस नंबरचं. दाराच्या गजराचं तेवढं एकच पान आहे."

"त्या दिवशीचं संभाषण जपलंय?"

"नाही ना! काम मंजूर झालं की संभाषण पुसतात आपल्याकडे. नुसता कोड उरतो."

'पुसतात' हा शब्द ऐकून बाईंच्या कपाळावर आठी पडली. "आणखी काय सांगितलंत त्याला?"

वहिनी किंचित ओशाळल्या. "म्हटलं, फक्त कोड दे, भाषण नको. फार बोलतो हो तो. एक विचारलं की दहा सांगतो. घरी सासूबाई आहेतच की तेवढ्यासाठी."

बाईंनी वहीत 'रुजू होऊन तीन महिने' असं लिहिलं.

"चार झाले," वहिनी वहीत डोकावून म्हणाल्या.

बाईंनी 'तीन'वर एक सरळ रेघ ओढली, शेजारी 'चार' लिहिलं आणि वर बारीक सही केली.

"मला एक सांगा, बाई," वहिनी म्हणाल्या, आणि इतका वेळ धरून ठेवलेला आवाज आता हलला. "मी खोटं बोलणारी वाटते का हो? काल रात्री जेवताना यांनी विचारलं, 'खरंच दिलं होतंस ना वाचायला?' बारा वर्षांच्या संसारात मी यांच्याशी एक गोष्ट खोटी बोललेली नाही. सासूबाई म्हणाल्या, घाईत राहून गेलं असेल, कबूल कर आणि मोकळी हो. आणि भाऊजी... त्यांनी ताटातून मान वर केली नाही. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणते मी. पण खोटारडी ठरून कशी जाऊ?"

बाईंनी कोड दाखवायला सांगितला. कोड त्यांना फारसा कळत नसे, पण मदतनीस आकड्यांच्या वर साध्या भाषेत टीप लिहून ठेवतो हे ठाऊक होतं. सहाशेच्या डोक्यावर अशी एक टीप होती.

'दहा मिनिटं धीर धरावा, मग बोंब मारावी.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

"छे हो! मी कशाला? ती त्याचीच टीप. यंत्राच्या कंपनीने त्यांच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल, असं मला वाटलं."

कुठलीही यंत्राची कंपनी आपल्या पुस्तकात बोंब मारायला सांगत नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. ते त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं.

३

हे वाक्य जगात एकाच ठिकाणी होतं, पान एक्केचाळीसवर. साहेबांना त्यातली 'बोंब' पसंत नव्हती, आणि पाच महिन्यांपूर्वी नवं यंत्र आलं तेव्हा बाईंनी सेकंदांच्या सूचनेसकट ते वाक्य रद्द केलं होतं.

म्हणजे मदतनिसाने पान वाचलं होतं. वहिनी खरं बोलत होत्या. पण त्याने वाचलेलं पान पाच महिन्यांपूर्वीचं असायला हवं. मग ते त्याला कुणी दिलं?

पानं मदतनिसापर्यंत पोचवण्याचं काम भाऊजींच्या एका छोट्या प्रोग्रामचं होतं. सगळे त्याला नळ म्हणत. रोज सकाळी सहाला तो बाईंची सगळी पानं ओढून घेई, आणि मदतनिसाने मागितलं ते पान त्याच्यापुढे सोडी. नळाला जुनं पाणी आलं असेल तर गुन्हेगार घरातलाच होता.

भाऊजी बाईंना पाहून उभे राहिले. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"नळ ठीक आहे," ते न विचारताच म्हणाले.

"मी अजून बसलेसुद्धा नाही."

भाऊजींनी खुर्ची पुढे केली आणि पडद्यावर नोंदी उघडल्या. वहिनींनी कोड लिहून घेतला त्या दिवशी सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी पान एक्केचाळीस आलेलं होतं. वरची तारीख नवी होती.

"जुनी प्रत कुठे राहते?"

"राहतच नाही. नवी आली की जुनी जाते. एका पानाची एकच प्रत."

"कुणी कुठलं पान मागितलं, याची नोंद?"

"ती ठेवत नाही. ठेवायला हवी होती," भाऊजी खाली बघत म्हणाले.

"साहेबांना वहिनींचं नाव तुम्ही सांगितलंत?"

"नाव नाही सांगितलं! मी एवढंच म्हटलं, की नळ ठीक आहे, पान ताजं होतं."

"दोघांतला एक ठीक आहे म्हटलं की दुसरं कोण, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

भाऊजींचे कान लाल झाले. "मग काय सांगू, बाई? नळ खरंच ठीक आहे. दादा म्हणतो घरच्यांची बाजू घे. अहो, पण घेऊ कशी? नोंद दिसतेय समोर. वहिनींवर माझा राग आहे का? मी शाळेत असताना आई गावाला गेली की वहिनीच... जाऊ दे. तुम्ही स्वतः बघा ना. हे पाहा."

त्यांनी वहिनींचा कोड उघडून सहाशेच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दाराचा संकेत, नंबर सात. जुन्या यंत्राला दाराचे संकेत होते चारच. सात नंबर नव्या यंत्राचा. तो जुन्या पानावर असणं शक्यच नाही."

बाईंनी ती ओळ पाहिली, मग वरची पाहिली. वरची ओळ रद्द झालेल्या पानातली होती आणि खालची ताज्या पानातली. जुनी प्रत वाचली असती तर सात नंबर आला नसता, नवी वाचली असती तर बोंब आली नसती. आणि भाऊजी म्हणत होते त्याप्रमाणे पानाची प्रत होती एकच.

४

साडेबारा झाले होते. राहिला होता शंकासूर.

शंकासूर हा कोड तपासणारा. दुसऱ्याच्या कामावर शंका घ्यायचा त्याला पगार मिळे आणि तो ती घरीही फुकट घेई. बायकोने मीठ घातलं असं सांगितलं तरी चव घेऊन बघणारा माणूस. त्याच्या नजरेतून दहा तास निसटले कसे, हाही प्रश्नच होता.

"मी तपासलं," तो म्हणाला. "गजर वाजला. मी बरोबरची खूण केली."

"सहाशे आकडा घालून?"

"दहा मिनिटं गजराची वाट बघत बसलो तर उरलेलं काम कोण करणार, तुम्ही? तपासताना मी एक घालतो. वाजलं की झालं."

"एक घातल्यावर लगेच वाजलं?"

"लगेच कसलं! नवं यंत्र आहे, पण महासंथ. पाणी प्यायला गेलो, बाटली भरली, परत आलो, तेव्हा कुठे बोंबललं. एका सेकंदाला मिनिट लावलं मेल्याने."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तोंडातून निघून गेलेलं वाक्य शंकासुराला आता स्वतःला ऐकू आलं. तो हळूच खुर्चीत टेकला.

"मिनिटच होतं ते," तो म्हणाला. "एक मिनिट. अरे देवा."

"पान वाचलं नव्हतंत?"

"वाचलं होतं हो! म्हणजे ऐकलं होतं. डोळे उतरलेत माझे. दिवसभर कोड बघून झाला की अक्षर दिसेनासं होतं, म्हणून पानं कम्प्युटरलाच मोठ्याने वाचायला लावतो. त्यात आधी सेकंद सांगतात, मग मिनिटं सांगतात. मला वाटलं, तुम्ही दोन्ही यंत्रांचं समजावताय. माझ्याकडचं कुठलं, हे बघायचं राहिलं." त्याने ओशाळं हसून पुढे म्हटलं, "पण बाई, ते धीर आणि बोंबेचं वाक्य झकास आहे. प्रत्येक वेळी हसू येतं मला."

"ते वाक्य तुम्ही कधी ऐकलंत?"

"आज सकाळीच. परत एकदा तपासावं म्हणून लावलं होतं."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "आत्ता लावा," त्या म्हणाल्या.

५

शंकासुराने आवाज मोठा केला. कम्प्युटर एका सुरात वाचू लागला: 'थांबण्याची वेळ सेकंदांत द्यावी. उदाहरण, सहाशे. दहा मिनिटं धीर धरावा, मग बोंब मारावी.' मग एक तारीख, दोन सुटी अक्षरं, आणि पुढे, 'थांबण्याची वेळ मिनिटांत द्यावी. दाराचा संकेत, नंबर सात.'

बाईंनी तेच पान पडद्यावर पाहिलं. सेकंदांची ओळ तिथे होती, उदाहरण होतं, बोंबही होती. त्या सगळ्यावरून एक सरळ रेघ ओढलेली होती. शेजारी तारीख आणि बारीक सही, खाली नवी ओळ.

प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा तो. लिहिलेलं कधी पुसायचं नाही. चुकलं, बदललं, तर एक रेघ ओढायची, खालचं वाचता येईल अशी, आणि सही करायची. म्हणजे उद्या कुणी विचारलं की आधी काय होतं, तर ते दिसतं. तिथली सव्वीस वर्षं आणि इथं आल्यावरही त्या रेघ ओढत आल्या होत्या. हातवहीत ओढत तशी कम्प्युटरच्या पानावरही ओढत, आणि रेघ ओढली की त्यांच्या लेखी ती ओळ संपे. साहेबांनी पान उघडलं, भाऊजींनी उघडलं, त्यांनी स्वतः शंभरदा उघडलं. रेघ दिसली, डोळा आपोआप खालच्या ओळीवर गेला. पानावर बरोबरच होतं.

ज्याला डोळे नाहीत, त्याला मात्र रेघ नव्हती.

बाई उठून वहिनींच्या टेबलाशी गेल्या. "मदतनिसाला सांगा, तुला एक्केचाळीस नंबरचं पान जसं मिळतं, तसंच्या तसं दाखव."

वहिनींनी लिहिलं. पडद्यावर नुसती अक्षरं उमटली, ना ठळक, ना रंग, ना रेघ. नळ वाटेत सगळा साजशृंगार उतरवून ठेवत होता, कारण मदतनिसाला त्याचा उपयोग नसतो असं सगळे धरून चालले होते. रद्द झालेली ओळ आणि चालू ओळ एकाखाली एक उभ्या होत्या. रद्द ओळ आधी, आणि तिलाच तेवढं उदाहरण होतं. ज्याला न बोलता नुसता कोड द्यायला सांगितलंय तो उदाहरणाची ओळ उचलणार, यात नवल ते काय!

"आता विचारा, या पानात काही विसंगत आहे का."

उत्तर क्षणात आलं. होय, वेळेबद्दल दोन परस्परविरोधी सूचना आहेत, सेकंदांची आणि मिनिटांची. कोणती लागू आहे ते कृपया सांगावं.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "विचारलं तर सांगतोय की!"

"त्या दिवशी भाषण नको म्हटलं होतंत."

वहिनींनी डोक्याला हात लावला. पण बाईंचं तिकडे फार लक्ष नव्हतं. त्या पडद्यावर आपली सही पाहत होत्या. रेघ गळाली तरी सहीची दोन अक्षरं नळातून सहीसलामत आली होती. रद्द केलेल्या ओळीच्या शेवटी ती अशी बसली होती, की कुणालाही वाटावं, बाईंनी या ओळीला मंजुरीच दिली आहे.

सकाळपासून त्या चोर शोधत होत्या, आणि चोराने जागोजागी तारखेसकट सही करून ठेवली होती. बाईंना कधी नव्हे ते रडू आलं. त्या तशाच दुपारचा डबा न उघडता पान एकपासून मोजायला बसल्या.

६

साडेतीनला त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी दोनदा समजून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे रेघ नळाने गाळली! दोष नळाचा. तांत्रिक बिघाड म्हणून सांगता येईल. तुमचं नाव यायचं कारणच नाही, बाई. तुमच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, कशाला उगाच..."

"नळाला जे सांगितलं तेच त्याने केलं," बाई म्हणाल्या. "रेघेत अर्थ आहे हे भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं. माझी पानं आता यंत्र वाचतं, हे मला वर्षभर माहीत आहे. ते कसं वाचतं, हे मी एकदाही विचारलं नाही."

"पण बाई, बदनामी होईल."

"ती आत्ता वहिनींची होतेच आहे."

चार वाजता मुख्य परिचारिका आल्या. पांढरे केस, हातात जाड पिशवी, बसताना आधी खुर्चीची पाठ हलवून बघणाऱ्या. साहेबांनी प्रास्ताविक सुरू केलं, त्यांनी ते हाताने थांबवलं. "कारण सांगा. माझ्या मुलींनी परवा साठ आयांची बोलणी खाल्लीत."

बाईंनी सांगितलं. कुठे 'झालं', 'राहिलं' असं न म्हणता 'मी केलं' असं म्हणत सांगितलं. वहिनींनी मदतनिसाला पान दिलं होतं, त्यांची खूण खरी होती, हे दोनदा सांगितलं. आवाज एकदाच कापला, 'रेघ' म्हणताना.

परिचारिका रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"अशा रेघा आणखी किती आहेत?"

साहेबांनी दचकून बाईंकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता.

"एकशे बारा," बाई म्हणाल्या. "दुपारी मोजल्या. त्यातली कुठली ओळ तुमच्या फ्रिजपर्यंत पोचली आहे, ते उद्या दुपारपर्यंत सांगते."

"तोवर?"

"तोवर गजरावर विसंबू नका."

परिचारिकांनी मान हलवली. "मुली दर तासाला दार बघतील. पूर्वी बघतच होतो." त्या उठल्या, आणि दाराशी वळून म्हणाल्या, "उद्या दुपार म्हणजे बारा धरते मी."

त्या गेल्यावर साहेब कपाळ पुसत बसले. "एकट्याने कसं व्हायचं एवढं काम?"

"एकटीने होणार नाही. प्रत्येक ओळ कुठल्या कोडात गेली ते शोधायला मला वहिनी लागतील."

"पण त्यांचं ते पत्र..."

"ते पुसा," बाई म्हणाल्या. "पुसलेलं मला चालेल."

पाच वाजता दोघी शेजारी शेजारी बसल्या. एक कोरं पान उघडलं, त्याला 'रद्द झालेल्या सूचना' असं नाव दिलं, आणि ते नळाच्या यादीतून वगळायला भाऊजींना सांगितलं. मग बाईंनी पान एक्केचाळीसवरच्या जुन्या ओळी उचलून तिकडे ठेवल्या आणि मूळ जागेवरून पुसून टाकायला बोट नेलं. बोट कळीवर अडलं. इतक्या वर्षांत त्यांनी एक अक्षर पुसलेलं नव्हतं.

"मी दाबू का?" वहिनींनी हळूच विचारलं.

"नको. मीच लिहिलंय," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कळ दाबली. पानावर मिनिटांची ओळ तेवढी उरली.

सातव्या का आठव्या ओळीपाशी भाऊजी येऊन उभे राहिले. नळ दुरुस्त झाला, आता रेघ असलेली ओळ आलीच तर तो ती अडवून धरेल, असं त्यांनी बाईंना सांगितलं. सांगून झालं तरी ते गेले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी नोंद बघितली, तुम्हाला विचारलं नाही."

वहिनींनी पडद्यावरून नजर काढली नाही. "मला नका सांगू, भाऊजी. मला माहीतच होतं मी पान दिलं होतं ते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"घरी गेल्यावर सांगतो."

"घरी गेल्यावर ताटात मान घालाल. आत्ता सांगा."

भाऊजींनी फोन काढला. पलीकडून आवाज यायला वेळ लागला. "दादा," ते म्हणाले. "दादा, वहिनी खरं बोलत होत्या. पहिल्यापासून. आईलाही सांग. नाही, नोकरी नाही गेली." मग भाऊजींनी फोन कानापासून दूर धरून वहिनींपुढे केला. "दादाला तुमच्याशी बोलायचंय."

वहिनींनी फोनकडे पाहिलं. बाईंनी वाचून दाखवलेल्या पुढच्या ओळीचा नंबर त्यांनी यादीत लिहिला.

"त्यांना म्हणावं," त्या म्हणाल्या, "मी कामात आहे."